निसर्गछायाचित्रातील परिसराचे स्थान

वन्य प्राण्याच्या छायाचित्राचे मूल्यमापन करताना प्राणी किती स्पष्ट दिसतो, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. तो कोठे उभा आहे, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. छायाचित्रणाच्या मान्यवर संस्थांनीही हाच क्रम स्वीकारलेला दिसतो. फियाप ही आंतरराष्ट्रीय संघटना, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी ह्यांनी २०१४ साली निसर्गछायाचित्राची संयुक्त व्याख्या केली. तिच्यानुसार मानवनिर्मित वस्तू चित्रात येता कामा नये. निसर्गकथेचा ती अविभाज्य घटक असेल तरच तिला सवलत आहे. घनदाट रानापुरती ही व्याख्या सोयीची आहे. मुंबईच्या उपनगरांत मात्र तिच्यातील अपवादालाच नियमाचे स्थान द्यावे लागते.

ह्या दृष्टीने कांजूरमार्गचा परिसर विचारार्ह आहे. पूर्वेस ठाण्याच्या खाडीचा चिखल व खारफुटी, पश्चिमेस पवई आणि त्यापलीकडे आरे व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मधून मध्य रेल्वे आणि पूर्व द्रुतगती मार्ग जातो. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत खाडीवर रोहित पक्ष्यांचे थवे असतात, आणि शेजारच्या भांडुप पंपिंग स्टेशनची वाट छायाचित्रकारांच्या चांगलीच परिचयाची आहे. खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ साली रामसर पाणथळींच्या यादीत गेला.

ह्या थव्यांच्या चित्रांचा एक साचा ठरून गेलेला आहे. टेलिफोटो भिंगाने पक्षी जवळ ओढावयाचा, पार्श्वभूमी धूसर करावयाची आणि गुलाबी रंगाला उठाव द्यावयाचा. चित्र मनोहर होते, ह्यात संशय नाही. परंतु ते कोठलेही होते. शिवाय ज्या रंगासाठी हा खटाटोप, तो रंग पक्ष्याला उपजत मिळालेला नसतो. चिखलातील व पाण्यातील शेवाळे आणि सूक्ष्म जीव खाल्ल्याने त्यांतील रंगद्रव्ये पिसांत उतरतात. म्हणजे चिखल वगळून रोहिताचा रंग दाखविणे हे कारण वगळून कार्य दाखविण्यासारखे आहे.

वगळले जाते ते चिखलापुरतेच नाही. खारफुटीच्या ह्याच पट्ट्यालगत कांजूरमार्गची कचराभूमी आहे. तिची सुमारे १२० हेक्टर जमीन मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षित वन ठरविली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. वन कशाला म्हणावे, हाच जेथे वादाचा विषय, तेथे केवळ पंखांचे चित्र त्या वादापासून अलिप्त राहते. आणि अशी अलिप्तता परिसराच्या उपयोगी पडत नाही.

ह्यावर उपाय म्हणून पक्ष्यांच्या मागे गगनचुंबी इमारती दाखविणारी चित्रे आता विपुल निघतात. तीही पुरेशी नाहीत. त्यांत विरोध दिसतो, संबंध दिसत नाही. इमारत तेथे पडद्यासारखी उभी असते. तिचा पक्ष्याच्या जगण्याशी काय लागाबांधा आहे, हे चित्र सांगत नाही.

संबंध दाखविणाऱ्या चित्राचा नमुना पश्चिमेकडील डोंगरांच्या बाजूला सापडतो. नयन खानोलकर ह्यांच्या गल्लीतील बिबट्याच्या छायाचित्रास लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०१६ साली नागरी विभागाचे पारितोषिक मिळाले. राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्तीतील एका अरुंद गल्लीत कॅमेरा लावून त्यांनी चार महिने वाट पाहिली. कृत्रिम दिव्यांचा प्रकाश गल्लीतील नेहमीच्या उजेडासारखा भासावा आणि येणाऱ्या जनावराने सारी चौकट व्यापू नये, अशी योजना त्यांनी केली होती. प्राण्याच्या पायाने दोरी ताणली जाऊन चित्र निघावे, ही युक्ती एफ. डब्ल्यू. चॅम्पियन ह्या वनाधिकाऱ्याने भारतातील वाघांसाठी वापरली होती. त्याचे पुस्तक १९२७ साली निघाले. पण त्याची वाट रानातील होती, खानोलकरांची गल्ली माणसांच्या रोजच्या वापरातील आहे. म्हणून येथे भिंती पार्श्वभूमी न राहता बिबट्याचा मार्गच होतात. चित्राचे खरे यश हेच.

त्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. वारली लोक व बिबट्या ह्यांचे सहजीवन दाखविणे हा त्यामागील हेतू. पण चौकटीत माणूस नाही, त्याचे घर तेवढे आहे. २००४ साली उद्यानालगत बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली. सहजीवन ह्या शब्दामागे हे भयही आहे, आणि ते शांत गल्लीच्या एका चित्रात मावत नाही. तेथे टिपणीची जोड लागते.

तेव्हा नागरी निसर्गछायाचित्राची कसोटी निराळी मानावी लागेल. प्राणी ज्या आधारावर जगतो तो आधार चित्रात, निदान चित्राखालच्या टिपणीत, यावा. स्थळ व दिनांक त्यात असावा. कांजूरमार्गच्या खाडीवरील चित्रे ह्या कसोटीस उतरली, तर ती केवळ प्रदर्शनाची राहणार नाहीत. खारफुटीची सीमा कोठे होती आणि ओहोटीच्या वेळी पक्षी कोणत्या चिखलावर चरत होते, ह्याची ती साक्षही देतील.