मुरगळलेला घोटा आणि मनःप्रतिमा : फुटबॉलपटूंच्या पुनर्वसनासंबंधीच्या एका विधानाची चिकित्सा

प्रस्तावना

क्रीडा मानसशास्त्राच्या अध्यापनात ‘मनःप्रतिमा’ हा घटक आता चांगलाच रुळला आहे. डोळे मिटून एखादी हालचाल मनासमोर आणणे, ती अंगात अनुभवणे आणि तिचा मनोमन सराव करणे, असे या तंत्राचे थोडक्यात स्वरूप सांगता येईल. कौशल्याच्या सरावाला ते पूरक ठरते, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. मात्र त्याला जोडूनच आणखी एक विधान केले जाते. दुखापत झालेल्या खेळाडूने मनःप्रतिमांचा सराव केला तर तो लवकर बरा होतो, हे ते विधान होय. व्याख्यानांतून आणि प्रशिक्षणवर्गांतून ते इतक्या सहजतेने केले जाते की त्यामागील पुरावा तपासण्याची गरज कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात फुटबॉलपटूंच्या घोट्याच्या दुखापतीपुरता हा पुरावा तपासला आहे.

‘बरे होणे’ या शब्दाचे तीन अर्थ

फुटबॉलमध्ये घोटा मुरगळणे ही नित्याची घटना आहे. इंग्लंडमधील व्यावसायिक क्लबांच्या दोन हंगामांच्या पाहणीत (२००३ मध्ये प्रसिद्ध) एकूण दुखापतींपैकी ११ टक्के दुखापती घोट्याच्या अस्थिबंधांच्या होत्या आणि त्यांतील ७७ टक्के बाहेरील बाजूच्या होत्या. पाऊल आतल्या बाजूस वळले की बाहेरील अस्थिबंध ताणला जातो. तो अंशतः फाटला तर दुखापत दुसऱ्या श्रेणीची मानली जाते.

अशा दुखापतीत सूज उतरते, वेदना शमते, खेळाडू चालू लागतो. तरीही काही आठवड्यांनी तोच पाय पुन्हा मुरगळतो. याची एक उपपत्ती फ्रीमन व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडली. सांध्याची स्थिती मेंदूस कळविणारी संवेदनयंत्रणाही अस्थिबंधाबरोबर दुखावते आणि त्यामुळे पावलाचा तोल बिघडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे ‘बरे होणे’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी सामावल्या आहेत : फाटलेली ऊती भरून येणे, पावलाला तोल परत येणे आणि पुन्हा चेंडूवर झेपावताना मनातील भीती नाहीशी होणे. मनःप्रतिमांचा उपयोग यांपैकी नेमका कशासाठी होतो, हा खरा प्रश्न आहे.

पुराव्याचे परीक्षण

फेल्ट्झ व लँडर्स यांनी १९८३ मध्ये ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात मानसिक सरावाचा सरासरी परिणाम ०.४८ प्रमाण विचलन, म्हणजे मध्यम स्वरूपाचा, आढळला. यू व कोल यांनी १९९२ मध्ये करंगळीच्या स्नायूवर प्रयोग केला. प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांचे बळ ३० टक्क्यांनी वाढले, केवळ कल्पनेने स्नायू आकुंचित करणाऱ्यांचे २२ टक्क्यांनी, तर नियंत्रित गटाचे सुमारे ४ टक्क्यांनी. क्लार्क व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये निरोगी व्यक्तींचे मनगट चार आठवडे जखडून ठेवले, तेव्हा बळाचा ऱ्हास सुमारे ४५ टक्के झाला. मनःप्रतिमांचा सराव करणाऱ्यांत तो सुमारे २४ टक्क्यांवर थांबला. हे निष्कर्ष लक्षणीय आहेत. परंतु हे सारे प्रयोग निरोगी शरीरांवरचे आहेत. मेंदूकडून स्नायूकडे जाणारा आदेश कल्पनेने टिकून राहतो, एवढेच त्यांतून सिद्ध होते. फाटलेला अस्थिबंध कल्पनेने सांधला जातो, असा अर्थ त्यांतून काढता येत नाही.

दुखापतग्रस्तांच्या संदर्भात इव्हलेव्हा व ऑर्लिक यांच्या १९९१ च्या अभ्यासाचा दाखला वारंवार दिला जातो. गुडघा वा घोटा दुखावलेल्या ३२ व्यक्तींपैकी ज्या लवकर बऱ्या झाल्या, त्यांनी ध्येयनिश्चिती, सकारात्मक स्वगत आणि बरे होण्याच्या प्रतिमा यांचा अधिक वापर केल्याचे त्यात दिसले. पण ही माहिती बरे झाल्यानंतर मागे वळून घेतलेली आहे. प्रकृती झपाट्याने सुधारत असलेल्या माणसाच्या मनात सुधारणेची चित्रे अधिक येणे स्वाभाविकच आहे. येथे सहसंबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. स्वतः लेखकांनीही हा अभ्यास प्राथमिक शोधाच्या स्वरूपाचाच मानला होता.

घोट्याच्या दुसऱ्या श्रेणीच्या दुखापतीवर थेट प्रयोग झाले ते २००७ मध्ये. अथेन्स विद्यापीठातील ख्रिस्ताकू व झेर्वास यांनी १८ खेळाडूंचे दोन गट करून वेदना, सूज आणि सांध्याच्या हालचालीची कक्षा मोजली. तिन्ही बाबतींत गटांमध्ये सार्थक फरक आढळला नाही. त्याच वर्षी ख्रिस्ताकू व सहकाऱ्यांनी २० खेळाडूंवर दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मनःप्रतिमा वापरणाऱ्या गटाची स्नायुसहनशक्ती अधिक वाढली. गतिमान तोल व सांध्याची कार्यात्मक स्थिरता यांत मात्र फरक पडला नाही.

हे निष्कर्ष वाचताना दोन्ही बाजूंनी सावध राहावे लागते. प्रत्येक गटात नऊ-दहा खेळाडू असताना केवळ फार मोठा परिणामच दिसू शकतो. ०.४८ इतका मध्यम परिणाम ५ टक्के सार्थकता पातळीवर ८० टक्के खात्रीने टिपायचा तर प्रत्येक गटात सुमारे ७० खेळाडू हवेत. म्हणून ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘परिणाम नाही’ असा करता येत नाही. दुसरीकडे, सहनशक्तीच्या चाचणीत स्नायूच्या क्षमतेबरोबर खेळाडूची चिकाटीही मोजली जाते. मनःप्रतिमांमुळे स्नायू सुधारला की खेळाडूचा उत्साह, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

भीतीविषयीचा पुरावा तुलनेने बळकट आहे, पण तो गुडघ्यावरील आहे. क्युपल व ब्रूअर यांनी २००१ मध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या ३० व्यक्तींचे तीन गट केले. विश्रांती व मार्गदर्शित प्रतिमा मिळालेल्या गटात २४ आठवड्यांनंतर गुडघ्याचे बळ अधिक, तर वेदना आणि पुन्हा दुखापत होण्याची चिंता कमी होती. एका गटास केवळ लक्ष व प्रोत्साहन देण्यात आले होते. त्यामुळे ‘कोणीतरी विचारपूस केली म्हणून बरे वाटले’ हा आक्षेप येथे बराच सौम्य होतो.

महाविद्यालयीन क्रीडाविभागाच्या दृष्टीने

या पुराव्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, घोटा पुन्हा मुरगळण्याशी ज्याचा संबंध जोडला जातो त्या तोलावरच मनःप्रतिमांचा परिणाम दिसलेला नाही. तोलासाठीचा उपाय वेगळा आहे. स्वीडनच्या फुटबॉलपटूंवरील ट्रॉप व सहकाऱ्यांच्या १९८५ च्या अभ्यासात डगमगत्या फळीवर उभे राहण्याच्या व्यायामाने, पूर्वी घोटा दुखावलेल्या खेळाडूंतील दुखापतींचे प्रमाण घटले. मनःप्रतिमेला खर्च नाही. आंतरमहाविद्यालयीन सामना तोंडावर आला असता, आणि फिजिओथेरपिस्ट उपलब्ध नसता, तिचा मोह होणे समजण्यासारखे आहे. पण मनाने सज्ज झालेला आणि पावलाने असज्ज असलेला खेळाडू मैदानात उतरविणे धोक्याचे आहे. त्याची भीती ओसरलेली असते, तोल मात्र परतलेला नसतो.

तरीही या तंत्रास स्थान आहे. प्रतिमा प्रत्यक्ष कृतीच्या, जागेच्या व भावनेच्या जितकी जवळ तितकी परिणामकारक, असे होम्स व कॉलिन्स यांनी २००१ मध्ये मांडले. हे तत्त्व मानले तर कोल्हापुरातील पेठेच्या तालमीकडून खेळणाऱ्या मुलास परभाषेतील छापील सूचना वाचून दाखविणे व्यर्थ होय. त्याचे मैदान, त्याचे बूट आणि त्याची बोली त्या सूचनांत आली पाहिजे.

समारोप

उपलब्ध पुराव्यावरून मनःप्रतिमा ऊती लवकर भरून आणते वा तोल परत आणते, असे म्हणता येत नाही. स्नायूंवरील आदेश टिकविणे, व्यायामातील चिकाटी वाढविणे आणि भीती कमी करणे यांसाठी तिचा पूरक उपयोग संभवतो. म्हणून क्रम असा असावा : आधी वैद्यकीय तपासणी, मग डगमगत्या फळीवरील व्यायाम व त्याच्या जोडीस मनःप्रतिमा, आणि एका पायावर तोल सांभाळण्याची चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच मैदान. आपल्या विद्यापीठांतील शारीरिक शिक्षण विभागांनी एकत्र येऊन पुरेशा संख्येच्या खेळाडूंवर हा प्रयोग केला, तर छोट्या नमुन्यांनी अनिर्णित ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळू शकेल. तोवर हे विधान वर्गात सांगताना त्याच्या मर्यादाही सांगणे, ही अध्यापक म्हणून आपली जबाबदारी आहे.