मोजलेला प्रेक्षक

एखाद्या मालिकेच्या उथळपणाविषयी तक्रार केली, की निर्मात्यांचे उत्तर ठरलेले असते : “लोकांना हेच हवे आहे, आकडे पाहा.” साहित्याविषयी आस्था असणाऱ्याने हे आकडे एकदा तपासून पाहावयास हवेत.

२०१५ पूर्वी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांचे मोजमाप मुख्यतः एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत होत असे. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार. परंतु खामगाव धरून येथील एकही शहर लाखापर्यंत पोहोचले नव्हते. साहजिकच ‘लोकांची आवड’ म्हणून जे सांगितले जाई, त्यात चिखली-मेहकरच्या घरांना जवळजवळ स्थानच नव्हते.

ऑक्टोबर २०१५ पासून ‘बार्क’ या संस्थेच्या आकड्यांत ग्रामीण घरेही आली. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. संचाला जोडलेले यंत्र ती ओळखते. पाहावयास बसताना घरातील प्रत्येकाने आपापले बटण दाबावयाचे असते. २०२० च्या सुमारास अशी यंत्रे सुमारे ४४,००० घरांत होती आणि देशात संच असलेली घरे होती सुमारे २१ कोटी. म्हणजे एका घराने पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलावयाचे! काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या लावून ठेवण्यास सांगितल्याचा आरोप २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी केला. वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले. पुढे २०२४ मध्ये तो खटला मागे घेण्यास न्यायालयाने परवानगी दिली.

मोजणी निर्दोष मानली, तरी ती जाहिरातदाराच्या प्रश्नाचे उत्तर देते : कोण पाहतो, आणि तो काय विकत घेऊ शकतो? त्यासाठी कुटुंबाची प्रतवारी मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि घरातील अकरा वस्तू यांवरून करण्याची रीत पडली. त्या यादीत पंखा, फ्रिज, मोटारगाडी यांच्याबरोबर शेतजमीनही आहे. कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या कुटुंबाचे वावर येथे पंख्याच्या रांगेत बसते. या प्रतवारीनुसार दहा सेकंदांच्या जाहिरातीचा दर ठरतो.

ग्रामीण आकडे येताच जुन्या मालिका पुन्हा दाखविणाऱ्या मोफत वाहिन्यांचे भाव वधारले. खेड्याला शिळेच आवडते, असा त्याचा अर्थ लावणे अन्यायाचे होते. दूरदर्शनच्या मासिक शुल्क नसलेल्या ‘फ्री डिश’वर जे मिळत होते, ते लोक पाहत होते. ताटात पडलेले खाल्ले, एवढ्यावरून खाणाऱ्याची रुची ठरत नाही.

म्हणून कलाकृतीचा न्याय या आकड्यांवर सोपविता येणार नाही. ती माणसाशी खरी वागते का, तिच्यातील दुःख उसने आहे की भोगलेले, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. आणि मुलांसोबत संचापुढे बसणाऱ्या आईवडिलांचेही. यंत्राचे बटण एवढेच नोंदविते, की कोणीतरी समोर बसले होते. त्याला ते आवडले की नाही, हे विचारणारे बटण त्या यंत्राला नाही.