स्थानिक संगणकावरील माहितीसंच आणि गावनावांचे जतन : झॅम्प प्रणालीची चिकित्सा

प्रस्तावना : भोर व वेल्हे या पुणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुक्यांत भाटघर (१९२८ मध्ये पूर्ण), पानशेत, नीरा-देवघर, गुंजवणी ही धरणे झाली आणि अनेक वस्त्या उठल्या. अशा वस्त्यांची, वाड्यांची व शिवारांची नावे वृद्धांकडून मिळवून संगणकीय माहितीसंचात नोंदविणे हा परिसरातील महाविद्यालयांना साधण्याजोगा उपक्रम आहे. त्यासाठी झॅम्प ही विनामूल्य प्रणाली सहज उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात या कामाच्या दृष्टीने तिचे मूल्यमापन केले आहे.

गुण : अपाचे फ्रेंड्स या प्रकल्पाची ही प्रणाली २००२ पासून उपलब्ध आहे. वेब सर्व्हर, माहितीसंच आणि पीएचपी व पर्ल या भाषा ती एकाच वेळी संगणकावर बसविते. त्यानंतर इंटरनेट नसतानाही १२७.०.०.१ या पत्त्यावर उपयोजन चालते. सह्याद्रीच्या पावसात जोडणी खंडित झाली तरी नोंदीचे काम थांबत नाही, हा गुण मोठाच होय.

मर्यादा : खरा प्रश्न अक्षरांचा आहे. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपर्यंत माहितीसंचाचा मूलनियुक्त अक्षरसंच लॅटिन-१ होता. २०१८ च्या ८.० आवृत्तीत तो यूटीएफ-८ झाला. लॅटिन-१ मध्ये देवनागरीला स्थान नाही. तपासणीचे कडक नियम बंद असल्यास ‘पासली’ हे नाव सूचनेविना केवळ प्रश्नचिन्हांच्या रूपात साठविले जाऊ शकते. हा टंकाचा दोष नव्हे. मूळ अक्षरेच नाहीशी झालेली असतात व नंतर अक्षरसंच बदलूनही ती परत येत नाहीत. ज्या वृद्धाने नाव सांगितले तो हयात नसेल, तर हानी कायमची ठरते.

दुसरी मर्यादा रचनेची आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. नावासाठी एकच रकाना ठेवल्यास नव्या नावाची नोंद होताच जुने पुसले जाते. म्हणून जुने नाव, नवे नाव व बदलाचे वर्ष यांसाठी स्वतंत्र रकाने हवेत.

तिसरी मर्यादा सुरक्षिततेची. झॅम्प ही विकसनासाठीची प्रणाली असल्याचे तिचे निर्मातेच सांगतात. माहितीसंचाच्या मुख्य खात्याला आरंभी संकेतशब्द नसतो. शिवाय सर्व नोंदी एकाच चकतीवर असतात. ती बिघडली की उपक्रमही संपतो.

निष्कर्ष : झॅम्प हे शिकण्याचे व संकलन आरंभिण्याचे उत्तम साधन आहे, मात्र ते जतनाचे साधन नव्हे. पहिली नोंद करण्यापूर्वी अक्षरसंच यूटीएफ-८ ठेवणे, मुख्य खात्याला संकेतशब्द देणे, माहितीसंच व उपयोजनाच्या धारिका या दोहोंची प्रत नियमितपणे दुसऱ्या ठिकाणी ठेवणे, ती प्रत अन्य संगणकावर उघडून पाहणे आणि ही कृती मराठीत लिहून ग्रंथालयात ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा पाण्याखाली गेलेल्या वस्तीचे नाव संगणकातही बुडेल.