धोटा, जात आणि वर्गजाणीव

मराठीतील मार्क्सवादी समीक्षेने भौतिक परिस्थितीचा विचार मुख्यतः मालकी आणि मजुरी या दोन अंगांनी केला. जातीला तिने बहुधा इमल्यात, म्हणजे जाणिवेच्या क्षेत्रात, जागा दिली. परिणामी कामगारसाहित्याच्या चर्चेत गिरणगाव हे एकजिनसी वर्गाचे ठिकाण म्हणून गृहीत धरले गेले. उत्पादनप्रक्रियेच्या तपशिलात शिरले की हे गृहीत टिकत नाही.

मुंबईच्या कापडगिरण्यांत साचेखात्यातील, म्हणजे विणकामाची, कमाई कताईखात्याहून अधिक असे. कांडी बदलली की नवे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागणार, या कारणास्तव अस्पृश्य कामगारांना या खात्यात शिरकाव नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपनेत्यांपुढे ठेवला होता. यावर असा आक्षेप संभवतो की, विटाळाची कल्पना आधीची, धोटा केवळ निमित्त. आक्षेप अर्धा खरा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये अशा धोट्यावर कायद्याने बंदी घातली, ती रोगसंसर्गाच्या भयाने; तंत्र तेच, थुंकीचा अर्थ निराळा. परंतु मुंबईत त्या कल्पनेचे रूपांतर मजुरीच्या फरकात झाले, आणि जॉबर नात्यागोत्यातून, गाववाल्यांतून भरती करीत असल्याने तो फरक टिकूनही राहिला. जी कल्पना दरमहा पगारात मोजता येते, तिला निव्वळ इमला कसे म्हणावे?

मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ या कादंबरीचे शीर्षक वाचताना आपल्याला गिरणीजीवनाची गती आठवते. हा धोटा कोणाच्या हाती येऊ शकत होता, हा प्रश्न प्रतीक शोधणाऱ्या वाचनाला सहसा पडत नाही.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेचा कामगार आहे, हेही आपण जाता जाताच नोंदवतो. नोकरीने तो कामगार होतो. राहावयाची खोली मात्र जात लपविल्याखेरीज त्याला मिळत नाही. कथेची चर्चा अपमान आणि अस्मिता यांभोवती फिरते. ती चुकीची नव्हे, अपुरी आहे. कारण येथे मजुरीचे मोलही जातीने ठरते. त्याच पैशात दुसऱ्याला जे सहज मिळते, त्यासाठी यास जीव धोक्यात घालावा लागतो. तरीही आपल्या अभ्यासक्रमांत नारायण सुर्वे ‘कामगारकविते’च्या प्रकरणात येतात आणि बागूल ‘दलित साहित्या’च्या, बागुलांचा रेल्वेकामगार पहिल्या प्रकरणात क्वचितच आढळतो.