धुक्यातून दिसते म्हणजे काय?

हेलिकॉप्टरच्या वैमानिकाच्या हेल्मेटवरील दर्शकाचे वर्णन करताना ‘धुक्यातून आरपार पाहणारा तिसरा डोळा’ असे शब्द हमखास वापरले जातात. यंत्र कौतुकास पात्र आहे. हे वर्णन मात्र नाही. विद्यार्थी ते वर्गात घेऊन येतात, म्हणून ते तपासून पाहणे आम्हांला आवश्यक वाटते.

संध्याकाळी औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या एखाद्या दुकानासमोर उभे राहा. काचेत आतली पुस्तके दिसतात आणि मागच्या रस्त्यावरचे दिवेही. काच थोडा प्रकाश परावर्तित करते, उरलेला आरपार जाऊ देते. दर्शकाचे मूळ तत्त्व हेच. वैमानिकाच्या डोळ्यापुढे अर्धपारदर्शक काच असते; तिच्यातून बाहेरचा डोंगर दिसतो आणि तिच्यावरून परावर्तित होऊन उंची, वेग व क्षितिजाची रेषा दिसते. यालाच आता ऑगमेंटेड रिअॅलिटी, म्हणजे संवर्धित वास्तव म्हणतात.

एक अडचण मात्र आहे. हेल्मेटमधला छोटा पडदा डोळ्याच्या अगदी जवळ असतो आणि डोंगर काही किलोमीटरवर. दोन्ही एकदम स्पष्ट कसे दिसणार? त्यासाठी पडदा भिंगाच्या नाभीवर ठेवतात. तेथून निघालेले किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात आणि आकडे अनंत अंतरावर असल्यासारखे दिसतात. दहावीच्या भिंगांच्या पाठातील किरणाकृती येथे जशीच्या तशी लागू पडते.

या खटाटोपाची गरज काय? ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हवाई दलाचे हेलिकॉप्टर कोसळले आणि संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जण गेले. दरीतील हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाला स्थितिभ्रम झाला, असा निष्कर्ष हवाई दलाने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केला. आपल्या किनाऱ्यासमोर, मुंबई हायच्या परिसरात, ४ नोव्हेंबर २०१५ रोजी रात्री उतरण्याचा सराव करणारे हेलिकॉप्टर समुद्रात पडून दोन वैमानिक मृत्युमुखी पडले. क्षितिज दिसेनासे झाले, की तोल कळण्यासाठी कानातील अर्धवर्तुळाकार नलिका उरतात; आणि एकसारखे वळण थोडा वेळ चालू राहिले, की त्या ‘वळण थांबले’ असेच सांगू लागतात. अशा वेळी मान खाली न घालता डोळ्यापुढे दिसणारी क्षितिजरेषा हा मोठाच आधार आहे. तथापि, दर्शक असता तर हे अपघात टळले असते, असे म्हणण्याइतका पुरावा आमच्यापाशी नाही.

आता ‘आरपार’ या शब्दाकडे वळू. काच धुक्यातून काहीही पाहत नाही. पाहतो तो बाहेर बसवलेला कॅमेरा, किंवा दाखवला जातो तो आधी साठवलेला नकाशा. उष्णतेवर चालणारे कॅमेरे साधारण ८ ते १२ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपतात. धुक्याचे बरेच थेंबही याच मापाचे असल्याने ते हे किरण विखरून टाकतात. अंधारात उत्तम चालणारा हा कॅमेरा दाट धुक्यात म्हणूनच थिटा पडतो. नकाशा धुक्याला भीत नाही. पण काल उभारलेला मनोरा किंवा दरीवर ताणलेली वीजतार त्यात नसेल, तर काचेवरही नसते.

दुसरा मुद्दा जागेचा. भारतीय हवाई दलात २०१९ मध्ये दाखल झालेल्या अपाची हेलिकॉप्टरचा दर्शक वैमानिकाच्या उजव्या डोळ्यापुढे असतो. दोन्ही डोळ्यांनी आपण आडवे सुमारे २०० अंश पाहतो. या दर्शकातील चित्र आडवे ४० आणि उभे ३० अंशांचे. शिवाय रात्रीचा कॅमेरा हेलिकॉप्टरच्या नाकावर, डोळ्यापासून सुमारे तीन मीटर पुढे व एक मीटर खाली असतो. जणू आपला डोळा दुसऱ्याच ठिकाणी नेऊन बसवला आहे! त्यावरून अंतर जोखणे सरावानेच साधते.

तिसरा मुद्दा वेळेचा. वैमानिकाने सेकंदाला १०० अंश वेगाने मान वळवली आणि चित्र ५० मिलिसेकंद मागे राहिले, तर चूक ५ अंशांची होते. म्हणजे एक किलोमीटरवर सुमारे ८७ मीटर. हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे.

शेवटचा मुद्दा लक्षाचा. १९८० साली नासाने विमानाच्या काचेवर आकडे दाखवणाऱ्या अशाच दर्शकाचा सिम्युलेटरवर अभ्यास केला. धावपट्टीवर आडवे आलेले विमान काही अनुभवी वैमानिकांना दिसलेच नाही. डोळे समोर होते. लक्ष आकड्यांत होते.

तेव्हा आमचे मत असे: या यंत्राचे खरे मोल क्षितिज दाखवण्यात आणि मान वर ठेवू देण्यात आहे. ‘तिसरा डोळा’ म्हटल्याने त्याच्या मर्यादा झाकल्या जातात, आणि मर्यादा न कळलेला भरवसा ढगात जीवघेणा ठरतो. नाशिकरोडला लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक घडतात. उद्या आपल्याच वर्गातला एखादा विद्यार्थी तेथे असेल. कोणतेही चित्र पाहताना ते कुठून आले, किती उशिरा आले आणि त्यात काय सुटले, हे विचारण्याची सवय त्याला शाळेतच लागलेली बरी.