शे गॅप : शुष्क प्रदेशातील खाण-नगराच्या नियोजनाची चिकित्सा

पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा हा लोहखनिजाचा प्रदेश अत्यंत शुष्क असून उन्हाळ्यात तेथील तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते. 1970 च्या दशकाच्या प्रारंभी तेथे खाण-कामगारांसाठी शे गॅप हे नगर वसविण्यात आले. तत्कालीन खाण-वसाहतींत सामान्यतः शहरी उपनगरांचाच कित्ता गिरविला जाई : रुंद रस्ते, सुटी घरे, विस्तीर्ण अंगणे. वास्तुविशारद लॉरेन्स हाउरॉइड यांनी तो नाकारला. टेकड्यांच्या कुशीत घरे परस्परांलगत बांधून मोटारी वस्तीबाहेर ठेवण्यात आल्या. आत केवळ पादचारी वाटा राहिल्या. अशा रचनेत घरांची सावली एकमेकांवर पडते, उन्हात तापणाऱ्या भिंती व डांबरी पृष्ठभाग घटतात आणि पाण्याची गरज असलेली मोकळी जमीनही कमी होते.

हवामानाच्या कसोटीवर हे नियोजन निःसंशय सरस ठरते. तथापि नगराचा एकमेव आधार खाण हाच होता. खाणकाम थांबताच 1990 च्या दशकात संपूर्ण नगर हटविण्यात आले. याच प्रदेशातील न्यूमन हे कंपनी-नगर 1981 मध्ये सार्वजनिक प्रशासनाकडे गेले व ते आजही नांदते आहे. अर्थात तेथील खनिजसाठाही प्रचंड आहे.

खनिज केव्हातरी संपणार, हे आराखडा आखतानाच ज्ञात असते. म्हणून नगर तात्पुरते की कायमचे, हा निर्णय प्रारंभीच व रहिवाशांना विश्वासात घेऊन व्हावयास हवा. इतका निकटचा शेजार घडविणाऱ्या नियोजनाने तो शेजार मोडण्याच्या दिवसाचाही विचार करणे अगत्याचे आहे. केवळ उष्णतेचे गणित सोडविणारे नियोजन अपुरेच म्हणावे लागते.