मराठी ख्रिस्ती परंपरेतील आत्मपरीक्षण : पंडिता रमाबाई आणि टिळक दांपत्य

प्रस्तावना

हातकणंगले हे कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरील गाव. या मार्गाच्या एका टोकाला, कोल्हापुरात, १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर यांनी मिशनकार्यास प्रारंभ केला. दुसऱ्या टोकाला, मिरजेत, १८९४ मध्ये विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय सुरू झाले. त्यामुळे या परिसरातील ख्रिस्ती जीवनाचा परिचय अभ्यासकांना बहुधा शाळा व दवाखाने यांच्याद्वारेच होतो. परंतु सुस्थिर संस्था म्हणजे सजीव श्रद्धा, हे समीकरण खुद्द ख्रिस्ती परंपरेलाही मान्य नाही. बायबलमधील 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीया येथील मंडळीला दोष दिला आहे तो कोमटपणाचा, आपणास काहीच उणे नाही या समजुतीचा. या आत्मसंतुष्टतेकडे मराठी ख्रिस्ती लेखकांनी कसे पाहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रमाबाईंची साक्ष

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या सांगतात की, त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता. ख्रिस्त सापडला नव्हता. हे विधान विनयाचा उपचार म्हणून सोडून देता येत नाही, कारण याच आठ वर्षांत, १८८९ मध्ये, शारदा सदनाची स्थापना झाली होती. म्हणजे स्वतःला अपूर्ण ठरविणारी ही व्यक्ती त्या काळात कर्तृत्वाच्या ऐन भरात होती. आत्मसंतुष्टता आळसातच वसते असे नाही. अखंड कार्यमग्नतेतही ती सुखाने नांदू शकते, हा या निवेदनाचा खरा आशय होय. मात्र उत्तरायुष्यातून मागे वळून पाहताना पूर्वीच्या वर्षांचे मोल कमी लेखले जाण्याचा संभव असतो, हेही समीक्षकाने लक्षात ठेवले पाहिजे.

टिळकांचा 'देवाचा दरबार'

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पुढे त्यांना कवी, धर्मोपदेशक आणि 'ज्ञानोदय'चे संपादक म्हणून मान्यता लाभली. एवढ्यावर समाधान मानण्यास कोणतीच हरकत नव्हती. तरीही १९१७ मध्ये, बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' मांडला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणणाऱ्या टिळकांनी भक्तीसाठी अभंग हे रूप निवडले, यातही संगती आहे. वारकरी परंपरेतील अभंगात भक्त स्वतःची झडती घेतो. पोहोचल्याचा दावा त्या रूपाला मानवत नाही. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. दरबाराला दोन वर्षेही पुरती लाभली नाहीत. त्यामुळे कालांतराने तोही एक सुस्थिर संप्रदाय झाला असता काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

'स्मृतिचित्रे'तील विनोद

१९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाई टिळकांनी हेच कार्य विनोदाने साधले आहे. पतीच्या धर्मांतरानंतर त्यांच्या घरी राहूनही सोवळे पाळणारी स्वतःची मूर्ती त्या हसत रंगवितात. टिळकांचा शीघ्रकोप व अव्यवहारीपणाही त्या झाकत नाहीत. घरातील माणसाला संत म्हणून मखरात बसविण्यास हे लेखन नकार देते. श्रद्धेला धक्का न लावता श्रद्धाळूंचा दंभ उघडा पाडणारा असा विनोद मराठी आत्मचरित्रांत विरळाच.

समारोप

हे साहित्य आपण वर्गात समाजसुधारणेचा दस्तऐवज किंवा स्त्री-आत्मकथनाचा नमुना म्हणून शिकवितो. ते योग्यच आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास त्यातील मूळ प्रश्न हातून निसटतो. बाप्तिस्मा, पद व लोकमान्यता ही मुक्कामाची ठिकाणे मानावीत की वाटेतील, हा तो प्रश्न. ख्रिस्ती मंडळ्यांनी टिळकांची पदे वर्षानुवर्षे गायिली आहेत. सवयीने गायिलेले पद हेही आत्मसंतुष्टतेचे साधन होऊ शकते, आणि सवयीने शिकविलेला पाठही.